सखाराम शिपायाचे दुसरे बारसे

शिपाई सखाराम इटलीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून पळाला, त्याला १९५६ साली तेरा वर्षे झाली. त्या मे महिन्यात, मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी, तो स्वतःच्या घरातूनही पळाला.

पहिल्या पलायनाची हकिकत लिहून घ्यायला मी पुण्याहून बसने आणि पुढे पायी उरवड्याला पोचलो. तिथून सखारामच्या गावाला, मुठ्याला, निघालेल्या वऱ्हाडाच्या बैलगाडीत जागा मिळाली. शेजारी नवऱ्या मुलाचे मामा होते. युद्धात सखाराम बेपत्ता झाल्याचा कागद आला आणि घरच्यांनी त्याचे दिवस घातले, असे त्यांनी सांगितले. पुढे तो धडधाकट परत आला. पण दिवस घातलेल्या माणसाचे पुन्हा बारसे करावे लागते. अकरा वर्षे सखारामने ते हसण्यावारी नेले होते.

"बारशाबिगर त्यो कन्यादानाला बसला, तर आमी गाड्या माघारी वळवणार," मामा म्हणाले.

मुठ्याला मांडव तयार होता. आढ्याला लुगड्याची झोळी बांधलेली होती, दोर बैलाचा. वधूपिता नव्हता. मला आंबील (ताकात शिजवलेले नाचणीचे पातळ पीठ) मिळाली. ती संपण्याआधीच सखारामची थोरली बहीण, आक्का, डोंगराकडे निघाली. मी मागोमाग गेलो.

सखाराम घोंगडी पांघरून मेंढरांत बसला होता. इटलीतही हेच केल्याचे त्याने मला सांगितले: शोधायला आलेले शिपाई कळप अडवत, मेंढका समजून त्याला ओलांडून पुढे जात. तिथे तो नऊ दिवस सापडला नव्हता. आक्काला पाव तास लागला.

"गाव हसंल, आक्का."

"हसू दे. पयल्या पाळण्यालाबी झोका मीच दिला व्हता. तुजी पोरगी मांडवात रडतीय, ऊठ."

तो उठला.

झोळीत तो गुडघे पोटाशी घेऊन मावला. पाय मात्र बाहेर राहिले. आढे करकरले. मामांनी खालून हात लावला. आक्काने कानात जुनेच नाव सांगितले. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. तिने दोघींना परत केले. जन्म नवा, म्हणून लग्नही नवे: मग त्याने बायकोला पुन्हा मंगळसूत्र बांधले. ती म्हणाली, "आता पळाला, तर मी शोधणार न्हाई."

शेवटच्या बसने मी पुण्याला परतलो, पलायनाची निम्मीच हकिकत घेऊन. निघण्यापूर्वी कन्यादान पाहिले. मुलीचा हात जावयाच्या हातात देऊन झाल्यावरही सखारामने तो बराच वेळ सोडला नव्हता.