साबण लावलेले स्क्रू

भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त दुसऱ्यांचे वाचले, आणि खाली टिंगलीच्या कमेंट टाकल्या. पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही ते मी मानत नाही. तरी आज लिहितोय... कारण आमच्या घरात हा विषय बंद झालाय आणि माझ्या डोक्यातून तो जात नाही.

आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहतो — मी, बायको केतकी आणि सात वर्षांची मुलगी. घर साधंच, सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्यांशी सामायिक. वर लॉफ्ट, म्हणजे आपला माळाच, फक्त थेट छपराखाली. हिवाळ्यात सगळी थंडी तिथून खाली उतरायची. म्हणून मागच्या वर्षी ठरवलं की तुळयांमध्ये इन्सुलेशनची लोकर अंथरायची, वर फळ्या ठोकायच्या आणि रिकाम्या सुटकेसी, गणपतीचं मखर, मुलीचे लहानपणीचे कपडे असलं हलकं सामान तिथे टाकायचं.

एप्रिलमध्ये बाबा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांनी उभा जन्म शाळेत सुतारकाम शिकवलं. लॉफ्टचं ऐकून त्यांची कळी खुलली. लगेच कागदावर फळ्यांचा नकाशा काढून झाला. स्क्रू बसवण्याआधी त्याला साबण चोळायचा ही त्यांची जुनी सवय. म्हणजे तो लाकडात न अडता जातो. त्यासाठी आंघोळीच्या चंदनी साबणाचा झिजलेला तुकडा ते गोळ्यांच्या डबीत जपून ठेवायचे. मी हसायचो. म्हणायचो, बाबा, माझ्याकडे ड्रिल आहे.

पण त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला वर्षही झालं नव्हतं, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स जुनी दुखणी धरत नव्हता. ते शिडी चढतील या धास्तीने मी ती गॅरेजमध्ये ठेवून कुलूपच लावलं. मास्तरांना वर्गाबाहेर उभं केल्यासारखंच होतं ते, आज कळतंय.

जूनमधल्या एका शनिवारी लोकरीचे रोल आले. ते हाताने दाबून बघत बाबा म्हणाले, "नंदू, फळ्या थेट तुळयांवर ठोकू नको. लोकर दबेल ना बाळा. दुलईवर गठ्ठे रचले तर ऊब राहते का?"

ऑफिसमधलं काहीतरी डोक्यात होतं. मी म्हणालो, "बाबा, तुम्हाला इथलं काही कळत नाही. तुम्ही खाली बसा."

ते बसले. रागावले नाहीत, पण लॉफ्टचा विषय पुन्हा काढला नाही, आणि महिनाअखेरीला तिकीट बदलून परत निघाले. घर फार दिवस बंद ठेवणं बरं नाही म्हणाले. एअरपोर्टवर मी पाया पडलो, त्यांनी पाठीवर हात ठेवला. सॉरी म्हणायचं होतं... मागे लोक ताटकळले होते. म्हटलं, फोनवर बोलू.

ऑगस्टमध्ये मी एकट्याने फळ्या ठोकल्या — थेट तुळयांवर. स्क्रू अडत होते, ड्रिल कण्हत होतं. फक्त एका कोपऱ्यात ते पटापट गेले. त्या कोपऱ्याच्या खाली आमची सगळ्यात लहान खोली आहे, बाबा तिथेच झोपायचे. तेव्हा वाटलं, चला, हात बसला.

नोव्हेंबरमध्ये बाबा हार्ट अटॅकने गेले. मी पोचलो तोवर सगळं आटपलं होतं. फोनवर बोलू म्हटलेलं ते बोलणं राहूनच गेलं.

त्या हिवाळ्यात घर पहिल्यासारखंच गार. शेवटी स्लाऊ गावच्या एका पंजाबी अंकलना बोलावलं, ते वर्षानुवर्षं हेच काम करतात. फळी उचकटून त्यांनी मान हलवली. लोकर दबली की ऊब गेली, म्हणाले. फळ्यांखाली प्लास्टिकचे पाय लावून त्या उंच करा. जवळजवळ बाबांचंच वाक्य. मी मुंडी खाली घालून ऐकलं.

मार्चमध्ये एका शनिवारी भर दुपारी मी फळ्या सोडवायला बसलो. केतकी शिडीवर उभी राहून स्क्रू वाटीत घेत होती. सगळे करकरत निघत होते. मग त्या कोपऱ्यातला पहिला निघाला... आवाजच नाही. आट्यांमध्ये पांढरं काहीतरी भरलेलं. केतकीला वाटलं बुरशी. मी नखाने खरवडून वास घेतला. चंदन. आमच्याकडे सगळे शॉवर जेल वापरतात. त्या कोपऱ्यातले बाराही स्क्रू तसेच निघाले.

मी तिथेच तुळईवर बसून रडलो. मला वाटलं, वर जाऊ दिलं नाही म्हणून बाबा खाली बसून माझ्या स्क्रूंना साबण चोळत राहिले, आणि न सांगता खोक्यात ठेवून गेले. केतकीने वाटीतला एक स्क्रू उचलून निरखला. मग हळूच म्हणाली, "अरे, बाबा इथे असतानाचे ते स्क्रू लांब होते म्हणून तू दुकानाला परत केलेस. हे तर बाबा नागपूरला पोचल्यावर मागवलेत."

ऑर्डरचा ईमेल काढून पाहिला. ऑगस्ट. खोक्यात उरलेले स्क्रूही तपासले, सगळे कोरडे. तोवर बाबांना नागपूरला परतून महिना उलटला होता, डबीही ते बरोबर घेऊन गेले होते. टेस्टर म्हणून जेवढं शोधायचं तेवढं शोधलं.

आता फळ्या पायांवर उभ्या आहेत, घर उबदार आहे. या वेळी प्रत्येक स्क्रूला मी स्वतः साबण चोळला. ते बारा मात्र देवघरात ठेवलेत.

त्यांनी मला माफ केलं का, हे स्क्रूंवरून कळत नाही. एवढंच कळतं की ज्यांना मी खाली बसवलं, ते माझं काम सोपं करून गेले. वर कसे आले, विचारू नका. शिडीच्या कुलपाची किल्ली माझ्याच खिशात होती.