एका पानाचं टाचण
गुऱ्हाळावरून काकवीचा वास आला की शेजारच्या वर्गाच्या बाई आठवतात आणि अजूनही माझ्या पोटात दुखतं. आमची शाळा बिद्रीच्या वाटेवर होती. उद्या काय शिकवायचं त्याचं टाचण मी रोज विषयवार लिहायची, चार-चार पानं, आणि वर्गात उभी राहायच्या आधीच दमलेली असायची. बाई मात्र गणित, विज्ञान, भाषा एकत्र गुंफून आठवड्याचं एकच पान काढायच्या आणि पोरांना गुऱ्हाळावर न्यायच्या. वजनमाप, उष्णता, निबंध, सगळं तिथंच. संध्याकाळी हसत एसटीत चढायच्या. मला ते बघवेना. तपासणीला आलेल्या साहेबांना मी मुद्दाम म्हटलं, "त्यांचं टाचण बघा की, एकच पान हाय." साहेबांनी ते पान वाचलं आणि बाईंच्या पोरांना प्रश्न विचारले. पोरं एकमेकांच्या वरताण उत्तरं द्यायला लागली. साहेब माझ्याकडं वळले, "तुम्हीबी असंच करा की, बाई. किती दमताय!" आता माझंही टाचण एकाच पानाचं असतं. नव्या शिक्षिका विचारतात, "हे कुणाकडनं शिकलासा?" मी सांगते, "कुणाकडनं न्हाय. माझं मलाच सुचलं."