पेजेची बाटली

डॉक्टर लोकांकडे किस्से फार साठतात. बरा झालेला रोगी आपल्याला विसरतो, गेलेल्याच्या घरचे विसरू पाहतात, आणि सगळं आमच्याकडे पडून राहतं. परवा साठे आला होता. चहा होईपर्यंत मानमोडीच्या, म्हणजे अठरा सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीतले चार-पाच किस्से झाले. हसलो पुष्कळ. मग बाटलीचा विषय निघाला आणि चहा निवून गेला.

तेव्हा आम्ही डॉक्टर नव्हतोच. पुण्यात शिकत होतो, परीक्षा व्हायची होती. साथीत मोठे डॉक्टरच आडवे झाले, म्हणून आम्हा तिघांना जुन्नर तालुक्यात पिंपळवंडीला धाडलं. मी, साठे आणि रघुवीर. रघुवीर गोव्याचा, म्हणजे पोर्तुगीज मुलखातला. आमचा मुलूख त्याला परदेशच.

*

धर्मशाळेत उतरलो. स्वयंपाकी दिला होता. पहिल्याच दिवशी डाळ चुलीवर ठेवून त्यानं विचारलं, "तुमी रोग्याला हात लावून हितंच जेवाय येनार?"

साठे म्हणाला, "मग कुठं जाणार?"

तो घागर घेऊन पाणी आणायला गेला. संध्याकाळी घागर आडावर सापडली. भरून ठेवली होती बिचाऱ्यानं!

*

एकदा पाहणीला साहेब आले. घोड्यावरून उतरले नाहीत. नाकाला रुमाल लावून लांबूनच विचारलं, "काही अडचण?"

साठेनं सांगितलं, औषध संपलंय, धान्य नाही, झोप नाही, प्रेतं उचलायला माणसं नाहीत.

साहेबांनी मान डोलावली. "तब्येतीची काळजी घ्या," म्हणाले, आणि घोडा वळवला. त्यानंतर सरण रचताना आम्ही एकमेकांना हेच म्हणायचो. हसायचो, आणि तसंच हसता हसता साठे एकदा ओक्साबोक्शी रडला.

*

थर्मामीटर एकच. सकाळी आधी आम्ही तिघं लावायचो. ज्याला ताप निघेल त्यानं बैलगाडीनं पुण्याला परतायचं, असं ठरलं होतं.

मी रघुवीरला म्हणालो, "तुला कुठं पाठवायचं रे?" त्याचं घर म्हणजे आगगाडी, मग हद्द, आणि हद्दीवर माणसं अडवून ठेवतात असं कानावर आलेलं.

"मला कुठं पाठवू नका," तो म्हणाला. "पेज करून द्या. आई तेवढंच करते."

*

पेजेवर त्याचा भारी विश्वास. औषध नाही तर नाही, तांदूळ मऊ शिजवून मीठ घालून पाजू, म्हणाला. पातेलं झाकून घेऊन निघाला तो सगुणाबाईच्या दारात. तिचा एकुलता एक मुलगा तापानं फणफणलेला.

म्हातारीनं पातेलं पाहिलं आणि धाडकन दार लावलं. आतून ओरडली, "माजा ल्योक जित्ता हाय अजून! अन्न घेऊन कशापायी आलास मुडद्या?"

रघुवीरला काही कळेना. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी-पिठलं करून नेतात, कडू घास म्हणतात त्याला. झाकलेलं अन्न दारात आलं की काय समजायचं ते गाव समजतं. साठेनं त्याला हे सांगितलं तेव्हा तो पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पेज गाळली, मिक्श्चरच्या रिकाम्या बाटलीत भरली, वर डोसाच्या कागदी खुणा चिकटवल्या. बाटली दारं उघडत गेली. "गोव्याच्या डाक्टरचं औषीद लई ग्वाड," लोक म्हणू लागले. सगुणाबाईही रोज बाटली भरून न्यायची.

*

तिचा मुलगा गेलाच. कडू घास न्यायला गल्लीत कुणी उभं राहण्यासारखं उरलं नव्हतं. रघुवीरनं जन्मात पहिल्यांदा भाकऱ्या थापल्या. तव्यावरच तुकडे झाले. पिठल्यात गुठळ्या. ते झाकून तो तिच्या दारात जाऊन बसला.

म्हातारीनं तुकडा उचलला. "भाकर हाय का वहाण?" म्हणाली, आणि खाल्ला.

*

त्याच आठवड्यात थर्मामीटरनं रघुवीरला धरलं. दोन दिवसांत श्वास घरघरू लागला. पेज आम्हीच करून द्यायची होती, पण तांदळाचा दाणा नव्हता. पुण्याची पोरं आम्ही, त्याची आई कुठल्या गावात आहे हेसुद्धा नीट विचारलं नव्हतं. माझा धीर तिथं सुटला.

दुपारी सगुणाबाई दारात उभी. पदराखाली काहीतरी झाकलेलं. मी धावतच आडवा गेलो. "आजी, मागं जा. अजून आहे तो!"

"ठावं हाय," ती म्हणाली, "म्हून तर आनली." पदराखालून तीच बाटली काढली, खुणा चिकटवलेली. "पेज वळखू येत न्हाई व्हय मला? मूठभर तांदूळ व्हते घरात. सर बाजूला."

त्याचं डोकं मांडीवर घेऊन तिनं एक खूण संपेपर्यंत पाजली. त्यानं डोळे उघडले नाहीत, पण गिळलं.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. या खेपेला टोपलीत भाकरी होती, आणि पिठलं.

"बसा दोगं," म्हणाली.