रिकामा पाठवलेला डबा

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. फोनवर तिची सून कविता होती. "मावशी, आई गेल्या... सकाळीच." मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेली डाळ निवडून टाकली. दीड महिना झाला, त्या 'बरं'ची मला अजून लाज वाटते.

लिंबायतच्या एका गल्लीत आम्ही बावीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. तिचे यजमान कापडाच्या लूमवर कामाला होते, मी मराठी शाळेत शिकवत होते. ती अंमळनेरकडची, घरात अहिराणी बोलायची आणि मला 'मास्तरीण' म्हणायची. साठवायचा तिला भारी सोस. साड्यांना लेस लावायचं काम ती घरी आणायची. त्यातले तुकडे, रिकाम्या बाटल्या, मांडणीवर नावं कोरलेली आहेराची भांडी... "एखादा भंगारवालाच जावई करून घे," असं मी म्हणायचे. पाण्यावरून, कचऱ्यावरून आमचं रोज वाजायचं आणि संध्याकाळचा चहाही एकत्रच व्हायचा. भांडायला मात्र नेहमी मीच तिच्या दारात जायचे.

मग मी जवळच उधन्याला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीचं आमंत्रण सगळ्यांना मोबाइलवर पाठवलं, तिलाही. भिंतीपलीकडच्या बाईला घरी जाऊन, कुंकू लावून बोलवायचं असतं, हे मास्तरणीला कळायला हवं होतं. ती आली नाही. "एवढा कसला मान?" असं मी कुणाकडे तरी बोलले, ते तिच्या कानावर गेलं आणि तीन वर्षं आमचा अबोला राहिला.

त्याच काळात तिचे यजमान गेले. मी दारावर भेटायला जाऊन आले, पण आम्ही एकमेकींशी बोललो नाही. नंतर तिने घर रिकामं करायला घेतल्याचं कानावर यायचं. साड्या वाटल्या, मांडणी देऊन टाकली. कुणी विचारलं तर "आते इतलं कसाले?" एवढंच म्हणायची. अठरा वर्षं जिचं तोंड पाहिलं नव्हतं त्या भावजयीकडे स्वतः जाऊन जेवून आली. आहेराचं एकेक भांडं ज्याचं त्याला परत करू लागली. लोक म्हणायचे, म्हातारीचं डोकं फिरलं. मला आतून तिचा हेवा वाटायचा. माझ्या फ्लॅटमध्ये कपाटं वाढत होती, आणि राग तर मी लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता.

दिवाळीच्या आधी कविता माझ्याकडे आली. तिच्या लग्नात मी दिलेला स्टीलचा डबा तिने हातात ठेवला. "आईंनी पाठवलाय," म्हणाली आणि रिक्षा थांबलीय म्हणून लगेच निघाली. मी झाकण उघडलं. आत काही नव्हतं. आपल्याकडे परतीचं भांडं रिकामं जात नाही. अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. म्हणजे हिने संबंधच तोडले, असं मी धरलं. डबा माळ्यावर टाकला आणि तिकडे जायचं नाव काढलं नाही. ती आजारी आहे हे कळलं, तरीही नाही.

दहाव्याच्या दिवशी मी तिच्या खोलीत बसले होते. भिंती उघड्या, खाली एक चटई. कविता हळूच म्हणाली, "मावशी, बाकी सगळ्यांच्या भांड्यांत आईंनी साखर घालून दिली होती. फक्त तुमचा डबा रिकामा. मी म्हटलं, बरं दिसत नाही. तर हसायला लागल्या. म्हणाल्या, 'राहू दे तसाच. आते ती येई भांडाले. दार उघाडं ठेव.'"

तिला माझ्या घराचे तीन मजले चढवत नव्हते, असंही कविता म्हणाली. रोज चारच्या सुमारास ती दाराकडे तोंड करून बसायची. जन्मभर मी सुपारीएवढ्या कारणावरून तिच्या दारात गेले, आणि ती वाट बघत होती तेव्हाच मला मानी व्हायचं सुचलं.

आता मी अधूनमधून लिंबायतला जाते. त्या खोलीत कविताने काहीच ठेवलेलं नाही. मी चटईवर, भिंतीला टेकून बसते आणि मनातल्या मनात सुरू करते, "कुंकू लावायला आले नाही विमलताई, चुकलंच माझं. पण तू तरी..." पुढचं बोलणं तिचं असतं. मी त्याची वाट बघत बसून राहते.