गाणं बंद काहून पडत नाही?

नसरीनभाभीले मी भांडताना पाह्यलं, हसताना पाह्यलं, पण घाबरलेली त्या दिवशी पयल्यांदा पाह्यली. कळंबात ब्लाऊज शिवते. गळा जरासा चुकला तर स्वतःच उसवून टाकते, गिऱ्हाइकाले बोलू देत नाही. अशी बाई माझ्या मोबाईलच्या दुकानात येऊन म्हणते, "ताई, माझं गाणं बंद काहून पडत नाही?"

मले हसूच आलं. अवो, गाणं बंद पडते म्हणून लोक येतात! "चांगलंच आहे न मग," मी म्हटलं.

"खाक चांगलं!"

आता मले राहवते का? खोदून खोदून विचारलं. तिचा नवरा शकीलभाई वणीले कोळशाचा ट्रक चालवते. गाण्याच्या ॲपचं खातं दोघांत एकच, आन् ते एका वेळी एकाच फोनवर वाजते. त्यानं ट्रकात गाणं लावलं की हिच्या मशीनीजवळचं बंद. हिनं लावलं की त्याचं बंद. यंदा ईदले येतो म्हणला आन् आलाच नाही, खेप मारत बसला. तेव्हापासून अबोला. हा वणीलेच मुक्कामाले, ना याचा फोन ना हिचा.

"बोलत नाही आम्ही," भाभी म्हणली, "पण गाणं बंद पडलं की समजे, ट्रकात बसले, ठीक आहेत. परवापासून एकदाही बंद पडलं नाही. ट्रकाले काही झालं तर नसन न..."

हा उद्योग माझाच होता! परवाच शकीलभाई दुकानात आलते. गाणी मधेच तुटतात म्हणे. मी मोठ्या तोऱ्यात सगळी गाणी त्यायच्या फोनमध्ये उतरवून देली. उतरवलेलं गाणं बिना नेटचं वाजते, दुसऱ्याचं बंद पाडत नाही.

"भाभी, माणूस धडधाकट आहे. याच स्टुलावर चहा पिऊन गेला."

भाभीचे डोळे भरून आले. मग एकदम भडकली, "कळंबले आला, आन् घरी नाही आला?"

तेच तर मलेही समजून नाही राह्यलं. वणीत मोबाईलची दुकानं कमी आहेत का? चहा घेताना सारखा भाभीच्या गल्लीकडंच पाहून राह्यलता. हिंमत झाली नसन बिचाऱ्याची.

"लावा फोन," मी म्हटलं.

"मी कायले लावू? त्यायले गरज असन तर लावतीन."

घ्या! दोघंही सारखेच अडेल. खातं भाभीच्या नंबरावर होतं. मी तिचा फोन घेतला, तिच्याकडून नवा पासवर्ड टाकून घेतला आन् बाकी सगळ्या फोनांवरून खातं बंद केलं. खातंच नाही तं त्याची उतरवलेली गाणीही वाजणार नव्हती. "गरज लावून देली," मी म्हटलं.

आमचा चहा व्हायचा होता, तं फोन वाजला. भाभीनं पदरानं डोळे पुसले, मगच उचलला. शकीलभाईचा आवाज मलेही ऐकू आला, "अवं, माझी सगळी गाणी गेली! पासवर्ड काय आहे?"

"फोनवर नाही सांगत," भाभी म्हणली. "घरी या. आन् येताना काळा दोरा आणा, मशीनीवरचा संपला."