गाडीच्या वेळेला उठवा

ब्लड कॅन्सरच्या पेशंटची विसाव्याची खोली म्हटलं की समोरचा माणूस लगेच आवाज खाली आणतो. "अरेरे" म्हणतो. त्याला काय सांगणार, की माझ्याकडचे निम्मे हसण्याचे किस्से त्याच खोलीतले आहेत! मुद्दाम कोणी जमवत नाही हो. उन्हाळ्यात कूलरच्या मागे कडुलिंबाची पानं साठतात ना, तसे साठतात. एक काढायला जावं तर ओंजळभर हाती येतात.

खोली जळगावात, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत. कापडवाल्या कांतीशेठच्या घराचा तळमजला. शेठच्या आईला हाच आजार होता, तेव्हापासून त्यांनी तळमजला आमच्या मदत गटाला वापरायला दिलाय. केमोच्या आधी जे इंजेक्शन देतात त्यानं माणूस पेंगुळतो. अशा अवस्थेत रावेरची नाहीतर धुळ्याची एसटी कशी पकडणार? म्हणून इथे यायचं, निळ्या पडद्यांच्या अंधारात खाटेवर पडायचं, आणि गाडीच्या वेळेला उठायचं.

गटात कोणी समुपदेशन करतं, कोणी प्लेटलेट देणारे शोधतं, कोणी सरकारी योजनेचे कागद लावतं. माझं काम उठवण्याचं!

\* \* \*

हे काम मला का मिळालं? तर मी पूर्वी धुळे बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत होते. माईकवर गाड्या पुकारायचे. सगळं आयुष्य लोकांना गाडीवर घालण्यात गेलं.

पहिल्या दिवशी मी हळूच कुजबुजत उठवायला गेले. "ताई, उठा बरं... दादा, वेळ झाली..." कोणी हलेना. कूलर घुमतोय, सगळे कुठल्या कुठे गेलेले. घड्याळ पुढे सरकतंय. शेवटी माझा धीर सुटला आणि जुना आवाज आपोआप बाहेर पडला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! रावेरला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे!"

अख्खी खोली ताडकन उठून बसली. प्रत्येकाचा हात पिशवीवर! रावेरला जाणारे फक्त दोघं होते, पण धुळ्याची माणसंसुद्धा चपला शोधायला लागली.

एवढ्यात जिन्यावरून धापा टाकत कांतीशेठ खाली आले. दुपारच्या झोपेतून उठलेले, हातात छोटी बॅग.

"शेठ, तुम्ही कुठे निघालात?"

त्यांनी बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ताई, तेच तर समजत नाही! मला कुठेच जायचं नाही!"

\* \* \*

त्यानंतर मी प्रत्येकाला आधीच विचारायला लागले, तुम्हाला कसं उठवू?

रावेरचे एक नाना होते. आयुष्यभर केळीच्या गाड्या भरून वर पानं झाकण्याचं काम केलेलं. ते म्हणाले, "मले हात लावून उठवू नका, मी दचकतो. नुस्तं म्हना, 'ट्रक भरला'."

मी कानाशी जाऊन म्हणायचे, "नाना, ट्रक भरला."

डोळे मिटलेलेच. झोपेतून प्रश्न यायचा, "वरून पानं झाकली का?"

"झाकली."

मग कुठे डोळे उघडायचे.

एकदा मला गंमत सुचली. त्यांनी विचारलं, पानं झाकली का, तर मी म्हटलं, "नाही हो नाना, राहिली."

नाना तसेच झोपेत उठले. अंगावरची चादर काढली, आणि शेजारच्या खाटेवर एक कॉलेजातली पोरगी थंडीनं कुडकुडत होती, तिच्या अंगावर नीट पसरली. कडा दाबल्या. परत आपल्या खाटेवर येऊन आडवे झाले.

"आता जाऊ द्या गाडी," म्हणाले.

\* \* \*

एका मोठ्या शहरातल्या बायकांनी आमच्या पेशंटसाठी प्रेमानं टोप्या विणून पाठवल्या. केस गेलेल्या डोक्यासाठी. लोकरीच्या! आणि पार्सल पोचलं कधी? मे महिन्यात, जळगावात! बाहेर डांबर वितळतंय.

प्रेमानं केलेली वस्तू टाकवत नाही. मग एक टोपी चहाच्या किटलीला घातली, चहा गरम राहतो म्हणून. लाल टोपी, वर गोंडा.

नाना जागे झाले. किटलीकडे बराच वेळ पाहत राहिले.

"अरेरे," म्हणाले. "हिची पन केमो सुरू झाली?"

\* \* \*

धुळ्याची शबाना बालवाडीत शिकवायची. ल्युकेमिया. औषधानं तोंडभर फोड आले होते, पाण्याचा घोट घेतानाही डोळ्यांत पाणी यायचं. तिची अम्मी सतत वाटी-चमचा घेऊन मागे. "दो चम्मच, बेटा. एक चम्मच."

एका दुपारी शबाना जागी झाली ती एकदम प्रसन्न. म्हणाली, "अम्मी, मी जेवले."

"कुठे?"

"मुमानीकडे. भरीत, कळण्याची भाकरी. पोटभर."

अम्मी चिडल्या. "उसके हाथ का तुझे जागते में तो कभी पसंद नहीं आया!"

खोलीतले सगळे हसले. पण अम्मी नंतर बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. या मुमानीशी, म्हणजे त्यांच्या भावजयीशी, त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. कशावरून भांडण झालं तेही धड आठवत नव्हतं म्हणे. बराच वेळ फोन हातात धरून बसल्या. मग लावला.

शबानाचं तोंड बरं झालं, डॉक्टरांनी घरचं ताजं खायला परवानगी दिली, त्या दिवशी मुमानी स्वतः डबा घेऊन खोलीत हजर! दोघी नणंद-भावजय एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आम्हीही रडलो. मुमानीनं घास भरवला. सगळ्यांचं लक्ष शबानाच्या तोंडाकडे.

शबानानं सावकाश खाल्लं. डोळे मिटले. म्हणाली,

"स्वप्नात मीठ बरोबर होतं."

\* \* \*

आमच्या ह्यांचं सांगायचं राहिलंच. मी या खोलीत आधी आले ती त्यांची बायको म्हणून. उठवण्याचं काम नंतर लागलं.

त्यांची जन्माची तक्रार, "तू घरात बोलतेस त्यापेक्षा स्टँडवर जास्त बोलतेस." खरंच होतं ते. घरी आल्यावर माझा घसा बसलेला असायचा. आजारी पडल्यावर मात्र एका दुपारी, अर्धवट झोपेत, म्हणाले, "नवापूरची गाडी सांग ना."

"आत्ता?"

"हळू सांग. मला एकट्याला."

मी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. "धुळ्याहून सुटणारी गाडी... कुसुंबा... नेर... साक्री... दहिवेल..."

दहिवेल आलं की त्यांचा श्वास संथ व्हायचा. झोपून जायचे. मग दर वेळी तेच. केमो झाली की खाटेवर पडायचं, आणि नवापूरची गाडी.

शेवटपर्यंत त्यांना दहिवेलच्या पुढे झोप आवरली नाही. नवापूर काही आलंच नाही.

\* \* \*

आता भडगावच्या आबांचं ऐका.

आबा आणि अक्का, नवराबायको. आबा मुळातच अबोल. अक्का दोघांच्या वाटचं बोलायच्या. आबांना ल्युकेमिया होता, औषधानं आटोक्यात आलेला. तपासणीला, इंजेक्शनला दोघं एसटीनं यायचे.

उन्हाळ्याचे दिवस. आबा झोपेतून उठले आणि शांतपणे म्हणाले, "गिरणाले पाणी उनं शे." म्हणजे गिरणा नदीला पाणी आलंय.

अक्का हातातला पंखा थांबवून बघायला लागल्या. "आते? ती नदीमा शेरडं चरी ऱ्हायनात! औषध चढनं तुमले."

आबांनी चपला घातल्या.

पुढचं मला अक्कांनी पुढच्या खेपेला सांगितलं. संध्याकाळची गाडी भडगावजवळच्या पुलावर आली. ड्रायव्हरनं वेग कमी केला. सगळे प्रवासी एका बाजूच्या खिडक्यांशी गोळा झाले. खाली पाणी! सकाळी जाताना जिथे नुसती वाळू होती, तिथे या काठापासून त्या काठापर्यंत पाणी, आणि त्यावर मावळतीचा उजेड. धरणातून पिण्यासाठी सोडलं होतं म्हणे.

"मना अंगवर काटा उना," अक्का म्हणाल्या. "अन् हाऊ माणूस देखसबी नही! डोया मिटीसन बठेल! जशी काय त्यानी मघाशीच देखेल शे."

मी आबांकडे पाहिलं. ते चहात बिस्किट बुडवत होते.

मग थंडीत आबांचा ताप हटेना. रक्ताचे आकडे बिघडले. आजार परत आलाय की काय हे बघायला बोनमॅरोची तपासणी केली. रिपोर्ट दुपारी मिळणार होता. त्या दिवशी अक्का सारख्या दाराकडे बघत होत्या. आबा मात्र पडल्या पडल्या झोपले. तोंडावर निळ्या पडद्याचा उजेड. ओठ मधूनच हलत होते.

उन्हं कलली आणि हॉस्पिटलमधून फोन आला. रिपोर्ट आलाय, डॉक्टरांनी दोघांना बोलावलंय.

मी खाटेजवळ गेले. आबांच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात अक्कांनी माझं मनगट धरलं. 

"थांबा ताई," त्या म्हणाल्या. "झोपू द्या त्यासले. आज झोपमाईन काय खबर लयी येतस, देखूत."