कलमाची काठी

आमच्या दाजींच्या उजव्या पायात डाव्या पायाचं हाड आहे. रोपवाटिकेत आलेल्या गिऱ्हाइकाला खताची माहिती नंतर मिळते, ही आधी.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. फळझाडांची कलमं बांधण्यात उभा जन्म गेला. एकदा कुंड्या भरलेला टेम्पो उतारावरून मागे घसरला आणि त्यांचा पाय भिंतीशी चिरडला. नडगीचं वीतभर हाड गेलं ते गेलंच. पाय राहतो की जातो, अशी वेळ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुसऱ्या पायाच्या पोटरीतलं बारीक हाड रक्तवाहिनीसकट काढून इथे बसवू. कलमच समजा."

त्या शब्दासरशी दाजींची कळी खुलली. "मग चिंता नाही. माझं कलम कधी वाया गेलेलं नाही!"

"कलम त्या करणार आहेत, तुम्ही नाही," ताई म्हणाली.

कलम धरलं. पण तो शब्दच आम्हाला नडला. नव्या कलमाला आलेली पहिली फुलं दाजी खुडून टाकतात, कोवळ्या झाडाला फळांचा भार नको म्हणून. तोच न्याय त्यांनी पायाला लावला. डॉक्टरीणबाई सांगायच्या, हळूहळू पूर्ण वजन टाका. हे मान डोलवायचे आणि घरी येऊन सगळा भार काठीवर. नात मागे लागायची, "आजोबा, खांद्यावर घ्या ना!" त्यांचं ठरलेलं उत्तर, "कलम कोवळं आहे गं." नात शाळेत जायला लागली, तरी यांचं कलम आपलं कोवळंच!

शेवटी एका तपासणीत डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "दोन्ही टोकं छान जुळलीत. पण मधलं हाड बसवलं तेव्हा होतं तेवढंच बारीक आहे. भार पडेल तसं ते जाड होतं. असंच जपत राहिलात तर एखाद्या दिवशी साध्या ठेचेनं मोडेल."

दाजींचं तोंड एवढंसं झालं. भार टाकावा तरी भीती, न टाकावा तरी भीती.  

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, नेलेल्या झाडाचं खोड वाढतच नाही. दाजींनी विचारलं, "आधाराची काठी सोडलीत?"

"नाही. वाऱ्यानं मोडेल म्हणून ठेवली."

दाजी उखडले. "अहो, काठीच्या जिवावर उभं ठेवलंत तर खोड जाड कशाला होईल? डोलू द्या की जरा!"

ताई पाण्याचा पाइप हातात धरून तिथेच उभी होती. म्हणाली, "पुन्हा सांगा. जरा मोठ्यानं."

दाजींनी हातातल्या काठीकडे पाहिलं. त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकाला काही कळेना, आम्ही मात्र पोट धरून हसत होतो.

त्या दिवसापासून दाजी पायावर भार टाकायला लागले. आधी नळापर्यंत, मग फाटकापर्यंत. कुरकुर तर विचारू नका! पाय ठणकला की सगळं घर डोक्यावर घ्यायचे, पण पुन्हा उठायचे. काठी एका रोपाच्या कुंडीत गेली.

परवाच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावले. ते बोटाच्या जाडीचं हाड आता नडगीला शोभेल असं भरलं होतं. मला भरून आलं. दाजींनी मात्र लगेच विचारलं, "खांद्यावर ओझं चालेल?"

"कसलं ओझं?"

दाजींनी दाराबाहेर बोट दाखवलं. तिथे नात उभी होती, आता चांगली ताडमाड वाढलेली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "एकच फेरी. माझ्यासमोर."

दवाखान्याच्या अंगणात दाजी खाली बसले. आम्ही दोन्ही बाजूंनी धरलं आणि ते नातीला खांद्यावर घेऊन उठले. तिचे पाय त्यांच्या कमरेपर्यंत लोंबत होते.

"आजोबा, उतरवा ना! सगळे बघताहेत!"

"बघू देत," दाजी पाऊल टाकत म्हणाले. "एवढ्या वर्षांनी फळ धरलंय. हे मी खुडणार नाही."